कमरेपासून टाचेपर्यंत

मी आडवा झालो तेव्हा आमचं गोंदिया मध्य प्रदेशात होतं, आणि उठून धडपणे खुर्चीवर बसलो तेव्हा ते मुंबई राज्यात गेलेलं होतं. मधल्या काळात देशात एवढी उलथापालथ झाली, पण माझं सगळं लक्ष स्वतःच्या डाव्या पायाकडे होतं. इतिहासाची क्षमा मागून सांगतो, डाव्या पायातली उलथापालथ मला जास्त मोठी वाटली.

सुरुवात साबणाच्या वडीपासून झाली. न्हाणीत ती हातातून निसटली, मी उचलायला वाकलो आणि कमरेत कोणी सुतळी तोडावी तसा आवाज झाला. निदान मला तरी तो ऐकू आला. वडी तिथंच राहिली. मीही तिथंच राहिलो.

"आंघोळ झाली का नाई?" बाहेरून सुशिलानं, म्हणजे आमच्या मंडळींनी, विचारलं.

"झाली."

"मंग बाहेर काऊन येऊन नाई राहिले?"

हा प्रश्न मलाही पडला होता.

दोघांनी धरून मला बाजेवर नेऊन घातलं, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीतली झाडून सगळी माणसं विचारपूस करून गेली. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच: काय उचललं? शेजारच्या छोटेलालला मी खरं ते सांगितलं. छोटेलालचं मुरमुऱ्याचं दुकान आहे आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीवर त्याचं मत तयार असतं. तो म्हणाला, "साबुन? अरे बाबूजी, साबुन से मैल जाता है, कमर नहीं जाती. कुछ छुपा रहे हो आप." पुढच्या माणसाला मी बादली सांगितली. त्याचंही समाधान झालं नाही. मग मी धानाचं पोतं सांगितलं, तेव्हा कुठं लोकांच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी आदर दिसला. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून एक जण आला. मी भर रस्त्यात उधळलेली बैलबंडी धरून थांबवली असं त्यानं स्टेशनवर ऐकलं होतं. माणसाच्या कमरेला शोभेल असं एखादं कारण असावं, असं मलाही वाटू लागलं होतं.

मी टिकाराम टेंभरे, तळ्या-कालव्यांच्या सरकारी ऑफिसात हेडक्लार्क. त्यामुळे दुखणं समजून घेताना मला आमचा कालवाच डोळ्यांपुढे यायचा. कमरेत त्याचं तोंड. तिथून ते कुल्ल्यात उतरायचं, मांडीच्या मागून वाहायचं, पोटरीच्या कडेनं जायचं आणि घोट्याला वळसा घालून थेट टाचेत पोचायचं. आमच्या खात्याच्या कालव्याचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचल्याचं मी नोकरीत पाहिलेलं नाही. हे दुखणं मात्र रोज न चुकता टाचेपर्यंत पोचायचं. उभं राहिलं तर सोसवायचं, निजलं तर सोसवायचं. बसलं की संपलं! आणि कारकुनाचा तर जन्मच मुळी बसण्यासाठी.

डॉक्टरांनी पाय वर करून पाहिला, मी ओरडलो, ते "सायटिका" म्हणाले. गोळ्या दिल्या आणि फळीवर झोपा, धीर धरा असं सांगितलं. गोळ्या मी घेतल्या. धीर धरणं मात्र गल्लीच्या हातात होतं. समोरच्या शकुंतलाबाईंनी सुशिलाला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "बाई, हे सायटिका कोन आहे? बाबूजीच्या ऑफिसातली का?"

पहिला उपाय छोटेलालनंच आणला. आखाड्यातला बकाराम. बकाराम दारातून आत आला तेव्हा घरातला उजेड कमी झाला. त्यानं मला पालथं घातलं, वाटीभर मोहरीचं तेल ओतलं आणि कमरेवर गुडघा ठेवला.

"नस चढली हाये," तो म्हणाला. "उतरवून देतो."

मला लहानपणापासून चौकस स्वभावाचा त्रास आहे. मी उशीत तोंड खुपसूनच विचारलं, "चढून कुठं गेली आहे?"

"वर."

"आणि उतरून कुठं जाणार?"

बकारामचा गुडघा थांबला. एवढ्या वर्षांत हे त्याला कोणी विचारलं नसावं. थोडा विचार करून तो म्हणाला, "खाली," आणि माझी शंका कायमची मिटावी अशा बेतानं त्यानं सगळा भार सोडला. तो गेल्यावर मी तपासून पाहिलं. जुनं दुखणं जागच्या जागी होतं. त्याला सोबत म्हणून खांदे, बरगड्या आणि उजवा पाय असे नवे दुखू लागले होते.

रजा वाढवून मागायला तोंड नव्हतं, म्हणून मी तसाच ऑफिसला गेलो. बसता येत नाही तर उभ्यानं काम करू, असा विचार. टेबलावर स्टूल ठेवलं, स्टुलावर कागद आणि लिहायला लागलो. अर्ध्या तासानं लक्षात आलं की खोलीत विलक्षण शांतता आहे. मान वळवून पाहिलं तर हाताखालचे सगळे बाबू उभे. हेडक्लार्क उभा असताना बसायचं कसं? बाबू उभे म्हणून दारातला चपराशी उदाराम सावधान झालेला. तेवढ्यात एक शेतकरी पाण्याचा अर्ज घेऊन आला. सगळं ऑफिस खाली मान घालून उभं पाहून त्यानं डोक्याचा फेटा काढून हातात घेतला आणि उदारामला हलक्या आवाजात विचारलं, "कोन गेलं जी?"

नेमके त्याच वेळी साहेब बाहेर आले.

साहेब म्हणजे के. आर. बिसेन, आमचे नवे इंजिनिअर. वयानं माझ्यापेक्षा पुष्कळ लहान, इस्त्रीची पँट, बोलणं मोजकं. घरी फक्त आई. 'के' म्हणजे काय हे ऑफिसात कोणालाही माहीत नव्हतं आणि विचारायची छाती नव्हती. त्यांनी मला आत बोलावलं.

"टेंभरेबाबू, पहिल्या नोव्हेंबरला राज्य बदलतंय. सगळे कागद नव्या राज्याच्या हवाली करायचेत. मला बसणारा हेडक्लार्क पाहिजे. दिवाळीपर्यंत तुम्ही बसू शकला नाहीत तर वर लिहून दुसरा माणूस मागवावा लागेल. तुम्हाला कॅम्पवर पाठवतो. तिथं उभंच राहायचं असतं."

कॅम्प म्हणजे भर जंगलातलं तळ्याचं काम, तंबू, आणि बाजाराच्या दिवशीच दिसणारी माणसं. सुशिला, पोरींची शाळा, हे गोंदियातलं घर, सगळं एका साबणाच्या वडीवरून जाणार, असं माझ्या डोळ्यांपुढं दिसू लागलं. मी म्हणालो, "बसतो साहेब." आणि उभ्यानंच बाहेर आलो.

आता उपाय करणं ही हौस राहिली नव्हती. शकुंतलाबाईंच्या माहेरी गोरेगावला बिसराम म्हणून एक माणूस बाजाराच्या दिवशी चिंचेखाली बसून लोटा लावायचा. सरकारी प्रवासी मोटारीच्या मागच्या बाकावर पालथा पडून मी गोरेगावला गेलो. बिसरामनं कमरेवर कणकेची चकती ठेवली, तिच्यात पेटती वात खोचली आणि वरून पितळी लोटा पालथा घातला. वात विझली आणि लोट्यानं माझी कमर आत ओढायला सुरुवात केली. म्हणजे किती? सासरी निघालेल्या मुलीला आई ओढते तितकी.

"रोग म्हंजे वारा," बिसराम म्हणाला. "भरला का लोटा आपोआप सुटते."

आम्ही वाट पाहिली. बाजार उठायला लागला. लोटा सुटला नाही. बिसरामनं खेचून पाहिलं, तर लोट्याबरोबर मीच वर यायला लागलो. तिकडे शेवटच्या मोटारीनं भोंगा दिला.

"लई रोग दिसते," बिसराम कौतुकानं म्हणाला. "घेऊन जा. पुढच्या बाजारी लोटा आनून देजा."

मी वरून सदरा ओढला आणि मोटारीत चढलो. सदऱ्यातून मागं आलेला तो उंचवटा कंडक्टरच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं.

"ते काय लपवून राहिले?"

"लोटा आहे."

"मंग काढा ना बाहेर."

"निघत नाही."

सगळी मोटार वळून बसली. एका म्हातारीनं पुढं होऊन बोटानं वाजवून पाहिलं. ठण्ण! "खरंच लोटा हाये गा," तिनं सगळ्यांना सांगितलं. कंडक्टर नियमाचा पक्का होता. तो म्हणाला, "सामान मांडीवर नाई तं टपावर. पाठीवर सामान न्यायचा कायदा नाई." मी विचारलं, सामान टपावर जाणार असेल तर मीही बरोबर जाऊ का? त्यावर मोटारीत दोन पक्ष पडले. लोटा हे सामान, असं एका पक्षाचं म्हणणं. दुसऱ्याचं म्हणणं, जे अंगापासून निघत नाही ते अंगच. हा वाद गोंदियाचा नाका येईपर्यंत चालला. एरवी मीही त्यात हिरीरीनं भाग घेतला असता, कारण मुद्दा खरोखर विचार करण्यासारखा होता.

घरी सुशिलानं लोट्याच्या काठाशी कातडी अंगठ्यानं दाबली. फट्ट! लोटा हातात. एवढं सोपं होतं. कमरेवर मात्र सरकारी शिक्का मारावा तसा लालजांभळा गोल उठला होता. मी पहिलं काम काय केलं असेल तर लोट्यात डोकावून पाहिलं. रोग दिसतो कसा, ही उत्सुकता गप्प बसू देईना. लोटा रिकामा होता.

त्याच संध्याकाळी शकुंतलाबाईंनी हुकमाचं पान काढलं. "हे सगळं सोडा. पायाळूची लाथ पाह्यजे."

जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. त्यानं कमरेत लाथ घातली की धरलेली कमर सुटते, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. मलाही माहीत होतं. पण शिकलेला माणूस म्हणून मी ते विसरल्यासारखं केलं होतं. आता मात्र मला ते सगळं फार विचार करण्याजोगं वाटायला लागलं. लाथ कोणत्या पायाची? चपलेसकट की अनवाणी? जन्माचा आणि कमरेचा संबंध काय? शकुंतलाबाई म्हणाल्या, "तुम्ही लाथ खाऊन राहिले का परीक्षा घेऊन राहिले?"

अडचण एवढीच की पायाळू माणूस सापडेना. छोटेलालनं जबाबदारी घेतली आणि दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला तो विचारू लागला, "क्यों भाई, आप उल्टे पैदा हुए थे क्या?" एक-दोन गिऱ्हाइकं हसली. एकानं मुरमुऱ्याची पुडी त्याच्या अंगावर फेकली. मग कळलं की पायाळू माणूस आपण होऊन सांगतच नाही. वीज त्याच्यावर पडते म्हणतात, म्हणून शेतात कोणी त्याच्या शेजारी उभं राहत नाही. जमिनीतलं धन त्याला दिसतं म्हणतात, म्हणून कुदळी घेतलेले लोक रात्री-बेरात्री त्याच्या दाराशी येतात. एवढ्या भांडवलावर कोण सांगेल हो, की मी पायाळू आहे?

"मंग सुईनीले विचारा," सुशिला म्हणाली. "मुर्री गावच्या शामकलाले. तिच्या हातून कोन कसा आला ते तिले ठावं असन."

शामकला आली. पण आल्या आल्या तिनं माझी अवस्था पाहिली आणि विचारायचं ते राहूनच गेलं. तिला जन्मभर एकच रोगी माहीत होता, तो म्हणजे बाळंतीण. तिनं माझीही तीच व्यवस्था लावली. कोमट तेलानं कंबर रगडली, बाजेवर निजवलं, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवली, निखाऱ्यांवर ओवा टाकला, माझ्या कानाला फडकं बांधलं आणि सुशिलाला डिंकाचे लाडू करायला सांगितलं. "वारा लागू देऊ नोका. अंग कच्चं हाये."

मी म्हणालो, "शामकलाबाई, मी पुरुष माणूस आहे."

"कंबर तं सारखीच असते ना?" ती म्हणाली.

छोटेलाल नेमका तेव्हाच आला. ओव्याचा धूर, शेगडी, कानाला फडकं आणि हातात लाडू असा मी. दारातच थबकून त्यानं दोन्ही हात जोडले. "बधाई हो बाबूजी! लड़का हुआ कि लड़की?"

ही गंमत नंतर गल्लीनं पुष्कळ दिवस पुरवली. पण मला एक मान्य केलं पाहिजे. त्या शेकानं बरं वाटत होतं. खालून ऊब यायची, बाजेच्या सुंभातून ओवा वर यायचा आणि दुखणं डुलकी काढायचं. बाळंतिणींना एवढं सुख असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी सुशिलाला तसं म्हणालोही. त्यावर तिनं माझ्याकडे जे पाहिलं, त्यानंतर मी तो विषय वाढवला नाही.

तिसऱ्या की चौथ्या शेकाला सुशिलानं पायाळूचं विचारलं. शामकलाचा हात थांबला.

"हाये एक. पन नाव नाई सांगत मी. त्याच्या मायनं मले शप्पथ घातली हाये."

"नको सांगू नाव," सुशिला म्हणाली.

"नाईच सांगत. मुर्रीले मामाच्या घरी झाला. लई तरास देल्ला मायले. आता मोटा मानूस झाला, पँट घालते. आन् तुमच्या घरधन्याच्या हापिसात सगळ्याईवर वरडते." असं म्हणून तिनं शपथ पाळल्याच्या समाधानानं पुन्हा तेल घेतलं.

मी बाजेवर उठून बसायचाच बाकी होतो. साहेब! 'के' म्हणजे केवळराम, हेही त्याच बैठकीत कळलं.

आता सरकारी नोकराची अडचण पाहा. साहेबांची बोलणी खाणं हे नोकरीतच धरलेलं असतं, त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही. पण लाथ मागायची तर कशी मागायची? अर्ज करावा तर विषय काय लिहावा? योग्य मार्गानं पाठवावा तर तो हेडक्लार्ककडूनच जाणार, म्हणजे माझ्याकडूनच. मी आडव्या आडव्या मसुदा मनात जुळवत होतो, तेवढ्यात सुशिला उठून सरळ साहेबांच्या आईकडे, नंदाबाईंकडे, गेलीसुद्धा.

ती हसत परत आली. "बुढीले लई आनंद झाला. म्हणे, माझ्या केवळची लाथ वाया चालली होती."

रविवारी सकाळी साहेब आले. टेंभरेबाबूंना पाहून येऊ, एवढंच सांगून आईनं त्यांना आणलं होतं. हातात शिंगाड्यांची पिशवी होती. दारात त्यांना शामकला दिसली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आई, हे काय?"

"काई नाई. उंबरठ्यावर उभा राय आन् एक लाथ मार."

"ते माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत!"

"मंग हळू मार."

"मी इंजिनिअर आहे, आई."

"पाय तर तोच हाये ना?" नंदाबाई म्हणाल्या.

मी उंबरठ्याच्या आत, दाराकडे पाठ करून, चौकटीला धरून उभा होतो. साहेबांचा चेहरा मला दिसत नव्हता. बरंच झालं. मागं बूट काढल्याचा आवाज आला. मग मोज्यातला एक पाय माझ्या कमरेला असा लागला, जसा कोणी पाण्याला पाय लावून ते गार आहे का पाहतो.

"हे लाथ आहे?" नंदाबाई म्हणाल्या. "मोजा काढ."

दुसरी लाथ थोडी बरी होती. तरी तिच्यात 'माफ करा' हे शब्द स्पष्ट ऐकू येत होते. मीच म्हणालो, "साहेब, संकोच करू नका. मी ऑफिसात उभा आहे असं समजा."

तिसरी लाथ खरी बसली. मी चौकटीतून सुटलो, अंगण मागं राहिलं, घर पुढं आलं आणि मी सुपात निवडायला ठेवलेल्या तांदळात तोंडावर जाऊन पडलो. कमरेपासून टाचेपर्यंत गरम पाणी धावल्यासारखं झालं. मग साहेबांच्या तोंडून "अरे राम!" निघालं. वडिलांच्या वयाच्या माणसाला लाथ मारली या विचारानंच ते घाबरले, धावत आत आले आणि माझ्या पायांवर हात ठेवायला झटकन खाली वाकले.

मी तांदळातून मान वळवून पाहिलं. साक्षात साहेब माझ्या पायांशी!

"असू द्या साहेब, असू द्या. उठा."

साहेब तसेच.

"उठा ना साहेब, मला लाजवू नका."

"उठता येत नाही," साहेब म्हणाले.

त्यांची कमर धरली होती. ते पाहून मी धडपडत उठलो, एका बाजूनं मी आणि दुसऱ्या बाजूनं शामकला, असं त्यांना उचलून बाजेवर घातलं. मी स्वतः उठलो हे माझ्या ध्यानात आलंच नाही. ते सुशिलानं दाखवून दिलं. शामकलानं लगेच शेगडी बाजेखाली सरकवली, ओवा टाकला आणि साहेबांच्या कानाला फडकं बांधलं. "लहानपनी असाच दिसे," ती नंदाबाईंना म्हणाली.

बायका आत शिंगाडे उकडायला गेल्या. साहेब बाजेवर, मी खाली चटईवर. एवढा वेळ आम्ही दोघं एका खोलीत कधी नव्हतो. शेवटी साहेबच कौलांकडे पाहत बोलू लागले.

"टेंभरेबाबू, लहानपणी मी दर पावसाळ्यात मुर्रीला मामाकडे असायचो. रोवणी आटोपली की गावच्या कमरा धरायच्या. दिवस दिवस चिखलात वाकून धान रोवलेलं. मग मामाच्या दारात रांग लागायची. बाया, बाप्ये, म्हातारे. मी रांगेतल्या प्रत्येकाला लाथ मारायची, आणि त्यांनी वळून माझ्या पाया पडायचं. माझ्या आजोबांनासुद्धा मारली. ढग गडगडले की मात्र तीच माणसं मला एकट्याला बांधावर सोडून लांब जायची. शिकून कुठंतरी निघून जावं असं मला तेव्हापासून वाटायचं."

माझ्याच्यानं राहवलं नाही. "आणि बरं वाटायचं का त्यांना?"

साहेबांनी मान वळवायचा प्रयत्न केला, पण ती वळली नाही. "तेच तर! मलाही तेच जाणून घ्यायचं होतं. पण कोणी परत येऊन सांगितलंच नाही. बरा झालेला माणूस येत नाही आणि बरा न झालेला दुसऱ्याकडे जातो."

जो माणूस नुसता खाकरला तरी मी वर्षभर घाबरायचो, तो एका शंकेपायी माझ्याइतकाच अस्वस्थ होता, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

पहिल्या नोव्हेंबरला साहेबही घरी आडवे होते आणि मीही. कागद नव्या राज्याच्या हवाली करायचं काम धाकट्या बाबूंनी करून टाकलं. कुठं काही अडलं नाही. आम्हा दोघांवाचून सगळं ऑफिस सुखरूप दुसऱ्या राज्यात पोचलं, हे ऐकून माझ्या कमरेपेक्षा जास्त दुखलं. साहेबांनाही दुखलं असावं. दुसरा हेडक्लार्क मागवायचं त्यानंतर त्यांनी कधी काढलं नाही.

दुखणं हळूहळू आटत गेलं. टाच सुटली, मग पोटरी, मग मांडी. दिवाळीनंतर मुर्रीची मंडई, म्हणजे जत्रा, भरली, तेव्हा शामकलाला लुगडं द्यायला मी धानाच्या बांधांवरून चालत गेलो. शामकलानं लुगडं पाहिलं आणि विचारलं, "कशावर बसून आले?" तेव्हा मला कळलं की मी चालत आलो आणि वाटेत कमरेची आठवणही झाली नाही. दुखणं आलं ती घटका, ती वडी, तो आवाज, सगळं मला सांगता येतं. पण ते गेलं कधी, त्या वेळी मी कुठं होतो, कोणत्या बांधावर होतो, ते काही केल्या आठवेना. एवढे दिवस त्याच्यावर डोळा ठेवून होतो, आणि ते नेमकं माझी नजर चुकवून गेलं.

बरा झाल्याचं कळताच सगळे हक्क सांगायला आले. बकाराम म्हणाला, नस उशिरा उतरते, पण उतरते. बिसरामनं गोरेगावहून निरोप पाठवला की लोट्यानं ओढलेला रोग बाजाराच्या बाजारानं कमी होत जातो, आणि लोटा अजून आला नाही. डॉक्टर म्हणाले, गोळ्या. छोटेलाल म्हणाला, "सब मेरी वजह से." मी सगळ्यांना हो म्हणालो. लाथेचं मात्र कोणाला सांगितलं नाही. शकुंतलाबाईंनी खोदून खोदून विचारलं, तरी पायाळू सापडला नाही असंच सांगितलं. साहेबांच्या दारात पुन्हा रांग लागू द्यायची नव्हती.

पण एका माणसाला खरं सांगायला हवं होतं. सोमवारी ऑफिस सुरू झाल्यावर मी साहेबांच्या खोलीत गेलो. त्यांची कमर अजून पुरती सुटली नव्हती. आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी सदऱ्याखाली बांधून ते टेबलाशी उभे होते.

"काय काम आहे, टेंभरेबाबू?"

"काम नाही साहेब. कमर बरी झाली. तेच सांगायला आलो."

साहेबांनी विचारलं, "कशानं?"

"ते नाही सांगता येत. मालीश झाली, लोटा झाला, गोळ्या झाल्या, शेक झाला, तुमची ती... तीही झाली. कशानं गेलं देव जाणे. पण गेलं. कोणी परत येऊन सांगत नाही म्हणालात, म्हणून आलो."

साहेबांनी दार लोटून घेतलं. मग त्यांनी मला विचारायला सुरुवात केली. एकदम गेलं की हळूहळू? आधी वरून की आधी खालून? शिंक आली तर कळ येते का? लाथ बसली तेव्हा नेमकं काय वाटलं? मी सगळं सांगितलं, गरम पाण्यासारखं वाटलं तेही सांगितलं. ते मध्येच म्हणायचे, "थांबा, थांबा, हे परत सांगा." एवढ्या आवडीनं त्यांनी ऑफिसातलं कुठलंच काम माझ्याकडून ऐकून घेतलं नव्हतं. मग खुर्चीकडे हात करून ते म्हणाले, "बसा ना, बसून सांगा."

साहेबांसमोर मी नोकरीत कधी बसलो नव्हतो. बसलो. कळ आली नाही.

तेवढ्यात उदाराम एकच कप चहा घेऊन आत आला आणि दारातच थबकला. त्यानं उभ्या साहेबांकडं पाहिलं, खुर्चीतल्या माझ्याकडं पाहिलं, पुन्हा साहेबांकडं पाहिलं. चहा कोणाला द्यायचा हे त्याला सुचेना.

"त्यांना दे," साहेब म्हणाले. "त्यांना बसता येतं."